विहाराचा दरवाजा आणि थिबाचे सागवान

आमच्या विहाराच्या कमिटीत सध्या एकच वाद चालू आहे. नवा दरवाजा 'बर्मा टीक'चाच हवा. कारण काय, तर तो बौद्ध देश. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनच्या परिषदेला गेले होते. भावना समजते. पण नवी मुंबईतले आम्ही कितीतरी जण मूळचे रत्नागिरीचे. थिबा पॅलेससमोर फोटो काढतो आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात कैदी का झाला, हे विचारत नाही.

सागवानामुळे! १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे त्याच्या जंगलांचा मक्ता होता. १८८५ मध्ये दरबाराने ठपका ठेवला, की ओंडके जास्त नेले आणि हिशेबात कमी दाखवले. दंड सुमारे २३ लाख रुपये. इंग्रजांना फ्रेंचांची भीती होतीच, त्यात हे निमित्त मिळाले. नोव्हेंबरात फौजा घुसल्या, दोन आठवड्यांत मंडाले पडले. थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला.

बौद्ध होता म्हणून त्याचा जयजयकार आम्ही करणार नाही. १८७९ मध्ये गादीसाठी नातलगांची कत्तल त्याच्याच राजवटीत झाली. राजाला मक्त्याचा पैसा हवा होता, कंपनीला नफा. ओंडके नदीपर्यंत नेणाऱ्या मजुरांना कोणी विचारले?

आज तिथे लष्कराची सत्ता आहे. २०२१ च्या बंडानंतर सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेने निर्बंध घातले. म्हणून रविवारच्या बैठकीत आमचे म्हणणे एवढेच: दुकानदाराकडे आधी लाकडाचे कागद मागा. नसतील, तर चंद्रपूरचे सागवान घ्या.