अट एकट्याला नको, संघाला हवी

बास्केटबॉल संघाच्या निवड चाचणीची सूचना नोटीस बोर्डावर लागते, तेव्हा तिच्या शेवटी एक ओळ असतेच: मागच्या परीक्षेत ६० टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळालेल्या कॅडेट्सनी चाचणीला येऊ नये. मला या ओळीबद्दल लिहायचे आहे. तिच्यामागचा हेतू चांगला आहे. आपण इथे शिकायला आलो आहोत, आणि दहावीच्या वर्षी रविवारच्या फोनवर आईचा पहिला प्रश्न जेवणाचा असला तरी बाबांचा गणिताचाच असतो. अभ्यास हवा, यावर वाद नाही. पण कमी गुणांच्या मुलाला संघाबाहेर ठेवल्याने त्याचे गुण वाढतात का? मला वाटते, नाही.

आधी वेळेचा हिशेब करू. घरी राहून शाळेत जाणाऱ्या मुलाने खेळ सोडला, तर त्याला संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळतात. आपल्याकडे तसे होत नाही. गेम्स पिरिअड सर्वांना सक्तीचा आहे. संघातून वगळलेला मुलगा त्या वेळी पुस्तक घेऊन बसत नाही. तो त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला व्हॉलीबॉल खेळतो किंवा भिंतीच्या कडेने धावतो. संध्याकाळची प्रेप सर्वांना सारखीच, दिवेही सर्वांचे एकाच वेळी बंद होतात. म्हणजे संघ गेला, पण अभ्यासाला त्या बदल्यात जवळजवळ काहीच मिळाले नाही.

संघात असण्याची किंमत मोजावी लागत नाही, असे मी म्हणत नाही. स्पर्धा जवळ आली की जादा सराव असतो आणि त्या रात्री प्रेपमध्ये डोळे मिटू लागतात. बाहेरगावी सामने असले की चार-पाच दिवस वर्ग बुडतात. परत यावे तर फळ्यावर त्रिकोणमिती निम्मी होऊन गेलेली असते. पण ही किंमत ८५ टक्के मिळवणाऱ्यालाही मोजावी लागते आणि ५५ टक्केवाल्यालाही. फरक एवढाच की पहिला मुलगा बुडालेला भाग वही मागून स्वतः भरून काढतो, दुसऱ्याला कोणीतरी समजावून द्यावे लागते. आपला नियम त्याला समजावून देणारा माणूस देत नाही, फक्त त्याची जागा काढून घेतो.

गुण आणि खेळ यांची अशी सांगड इतर ठिकाणीही घातली गेली आहे. अमेरिकेत हायस्कूलच्या संघात निवड होणे ही फार मोठी गोष्ट मानतात, त्यामुळे तिथे हा वाद जुना आहे. टेक्सास राज्याने १९८४ मध्ये ‘पास नाही तर खेळ नाही’ असा कायदाच केला. एका जरी विषयात १०० पैकी ७० पेक्षा कमी गुण मिळाले, तरी सहा आठवडे खेळ बंद. पुढे १९९५ मध्ये त्याच राज्याने ही मुदत तीन आठवड्यांवर आणली आणि त्या काळात सामना नाही, पण सराव करता येईल, अशी सवलत दिली. कायदा त्यांनी रद्द केला नाही. पण मुलाला संघापासून तोडायचे नाही, एवढे त्यांनी मान्य केले.

दुसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी २००५ च्या ‘कोच कार्टर’ या चित्रपटात पाहिले असेल. ती खरी घटना आहे. कॅलिफोर्नियातील रिचमंड हायस्कूलचे प्रशिक्षक केन कार्टर यांनी खेळाडूंकडून करारावर सह्या घेतल्या होत्या. वर्गात पुढच्या बाकावर बसायचे आणि ठरलेले गुण राखायचे. १९९९ च्या जानेवारीत त्यांचा संघ एकही सामना हरला नव्हता. तरीही काही खेळाडू करार पाळत नाहीत हे दिसताच त्यांनी जिमला कुलूप लावले आणि सामने सोडून दिले. लोक या गोष्टीतून कडक शिस्त लक्षात ठेवतात. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. कुलूप फक्त नापास मुलांसाठी नव्हते, सगळ्यांसाठी होते. ज्यांचे गुण चांगले होते त्यांनाही कोर्ट मिळाले नाही, आणि अभ्यासाला सगळे एकत्र बसले. एकाचे गुण हा त्या दिवसापासून संघाचा प्रश्न झाला.

बास्केटबॉलचा स्वतःचा नियमही असाच आहे. पाच फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यातून बाहेर जातो, पण तो संघातून जात नाही. तो बाकावर बसतो, टाइमआउटमध्ये प्रशिक्षकांचे ऐकतो आणि पुढच्या सामन्याला पुन्हा उतरतो. कमी गुण मिळालेल्या कॅडेटला आपण एवढी तरी संधी द्यायला हवी.

म्हणून माझी सूचना अशी आहे. चाचणीला कोणालाही येऊ द्यावे आणि १२ जणांची निवड फक्त खेळावर व्हावी. निवड झालेल्या ज्या कॅडेटचे गुण ६० टक्क्यांच्या खाली असतील, त्याने सराव संघाबरोबर करावा, पण पुढच्या युनिट टेस्टमध्ये गुण सुधारेपर्यंत सामना खेळू नये. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण संघाने प्रेपला एकत्र बसावे आणि ज्याचे गणित चांगले आहे त्याने कच्च्या मुलाशेजारी बसावे. आणि १२ पैकी तिघांपेक्षा जास्त जण ६० च्या खालीच राहिले, तर त्या सत्रात संघाने बाहेरच्या स्पर्धेला जाऊ नये. ही अट आताच्या अटीपेक्षा सोपी नाही. उलट कडक आहे, कारण ती कॅप्टनलाही लागू होते.

यावर माझ्या डॉर्ममधल्या एका मित्राने विचारले, “त्याच्या गणितासाठी मी माझी प्रेप का घालवू?” प्रश्न रास्त आहे. पण एखादे प्रमेय दुसऱ्याला समजावताना आपल्यालाच ते किती कळले आहे, हे लगेच उघड होते. शिवाय आपल्यातले बहुतेक जण एनडीएची तयारी करत आहेत. तिथे लेखी परीक्षा ९०० गुणांची आहे आणि एसएसबीही ९०० गुणांचीच. एसएसबीत एका शर्यतीत सगळा गट एकच लांब ओझे घेऊन अडथळे पार करतो. त्यात एकट्याने पुढे पळून काही मिळत नाही. ही सवय इथे लागली नाही तर ती तिथे पाच दिवसांत लागणार नाही.

पालकांची काळजी वेगळी आहे. दहावीचा बोर्डाचा पेपर ८० गुणांचा, परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, आणि खेळाचे दिवस पुन्हा येतील असे त्यांना वाटते. त्यांचे हे म्हणणे मला पटते. म्हणून निवड चाचणी सहामाही परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत ठेवू नये, आणि डिसेंबरनंतर दहावीच्या कॅडेट्सना बाहेरगावच्या सामन्यांना नेऊ नये. पण जुलैपासून डिसेंबरपर्यंतचे सहा महिने तरी त्यांच्याकडून काढून घेऊ नयेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझे गुण ६० च्या वर आहेत आणि या वर्षी मीही चाचणी देणार आहे. आताचा नियम राहिला तर माझ्यापेक्षा चांगले ड्रिबल करणारे निदान दोन जण बाहेर बसतील आणि माझी जागा सोपी होईल. मला तशी जागा नको आहे. त्यातल्या एकाला वर्गात क्वचितच कोणी ‘शाबास’ म्हणते. कोर्टवर मात्र सगळे त्याच्याकडे बॉल मागतात. तेवढी एक जागाही गेली, तर तो गणित कोणत्या उमेदीने उघडणार?

पुढच्या सत्राची सूचना लागायला अजून वेळ आहे. क्रीडा शिक्षक, हाउस मास्टर आणि प्राचार्य सर यांनी हा बदल निदान एका सत्रासाठी करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. सत्राच्या शेवटी त्या १२ जणांच्या गुणपत्रिका आणि सामन्यांचे निकाल शेजारी ठेवावेत. माझे म्हणणे चुकीचे ठरले, तर ती जुनी ओळ पुन्हा लिहायला नोटीस बोर्ड आहेच.