पास आहे का, पास?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आठवड्यात एक निवेदन फिरतंय. ‘पुण्याला पुन्हा आयपीएलचा संघ मिळालाच पाहिजे!’ खाली आपलं नाव, फ्लॅट नंबर टाकायचा आणि पुढे सरकवायचं. टँकरची वर्गणी भरा म्हणून सेक्रेटरी महिनाभर कानीकपाळी ओरडत होते तेव्हा ज्यांनी निळी टिकसुद्धा दिसू दिली नाही, ती मंडळी या यादीत हिरिरीने उतरली आहेत. ए विंगमधल्या काकांनी तर ‘याने शहराच्या अर्थकारणाला चालना मिळेल’ अशी पुरवणी जोडलीय. मी सही केलेली नाही. या सदराच्या जुन्या वाचकांना त्याचं नवल वाटू नये. फुकटच्या उत्साहाबद्दल माझं मत त्यांना ठाऊक आहे.

मुळात पुण्याला संघ मिळाला नव्हता असं नाही. चांगला दोनदा मिळाला. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स आले, पण गहुंजेचं मैदान तयार नव्हतं म्हणून पहिल्या हंगामात पुण्याचा संघ घरचे सामने नव्या मुंबईत खेळला. मैदान तयार झालं आणि आणखी दोन हंगामांत संघच गेला. मग २०१६ मध्ये रायझिंग पुणे. त्या वर्षीच्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं. उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले आणि पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. पुढच्या वर्षी तोच संघ हैदराबादेत मुंबईकडून एका धावेने अंतिम सामना हरला आणि करार संपला म्हणून गाशा गुंडाळून मोकळा झाला. २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचा संघ गहुंजेला आला, त्याच्या मागोमाग खास रेल्वेगाडी भरून त्याचे चाहते आले. पिवळे शर्ट घालून आमचेही लोक गेले. पुण्याच्या मैदानावर एवढ्या मनापासून घरच्यासारखं कुणी खेळलं असेल, तर ते चेन्नईवाले.

आता अर्थकारण. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये याच विषयावर जाडजूड पुस्तक काढलं. स्टेडियममुळे गावाची भरभराट होते, हा दावा त्यांना हिशेबात कुठे सापडला नाही. कारण साधं आहे. तिकिटावर गेलेला पैसा एरवी गावातच नाटकाला, हॉटेलात, कापडचोपडात गेला असता. उलट संघाचा पैसा मालकाच्या आणि खेळाडूंच्या खिशातून भलत्याच गावी जातो. आपल्याकडे तर आणखी गंमत. गहुंजे पुणे महापालिकेत नाही आणि पिंपरी-चिंचवडमध्येही नाही. ते मावळ तालुक्यात, द्रुतगती मार्गाच्या कडेला. ‘शहराला फायदा’ म्हणताना ए विंगच्या काकांच्या डोळ्यासमोर नेमकं कुठलं शहर आहे, ते त्यांनी ग्रुपवर कळवावं.

अर्थकारणाला चालना मिळालेला एक माणूस मात्र मी स्वतः पाहिला आहे. स्टेडियमच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्याची भातखाचरं. उन्हाळ्यात ती रिकामीच असतात. त्याने बांध फोडून गाड्यांना वाट केली होती, दोन बांबूंना सुतळी बांधली होती, आणि पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘पारकिंग २०० रु. नो भांडण.’ आत त्याची शाळकरी मुलगी शिट्टी वाजवून गाड्या अशा लावून घेत होती की आमच्या सोसायटीच्या वॉचमनने शिकवणी लावावी. ‘कसं चाललंय?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘म्याच रोज ठेवा म्हनावं. इंद्रायणी भातात काय ऱ्हातंय?’ त्याच्या नावाने निवेदन काढा, मी सगळ्यात आधी सही करतो.

बाकी आम्हा नागरिकांना काय मिळतं? ऊन मिळतं. बऱ्याचशा स्टँडवर छप्परच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांचं पिण्याचं पाणी संपलं आणि क्रिकेट संघटनेला माफी मागावी लागली. पोलीस बंदोबस्ताचं तर विचारूच नका. सामन्यांच्या बंदोबस्ताचं शुल्क सरकारने २०२३ मध्ये कमी केलं आणि ती कपात थेट २०११ पासून लागू केली. आमच्या सेक्रेटरींना हे कळू देऊ नका. टँकरची वर्गणीही मागच्या तारखेने माफ करा असा ठराव येईल.

पण सामना म्हटलं की आपल्याकडे खरा व्यवहार चालतो तो पासचा. तिकीट काढून सामना बघणं हे आपल्यात जरा कमीपणाचं समजतात. तिकीट काय, कुणीही काढतो! पास मिळण्यात वजन आहे. सामना जाहीर झाला की माझा भाचा, जो एरवी दिवाळीतही फोन करत नाही, हमखास फोन करतो. ‘मामा, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग चार पास म्हणजे काय मोठं?’ त्याला वाटतं, पेपरात लिहिणाऱ्यांना पगाराऐवजी पासच देतात. मी नाही म्हटलं की तो मामीला फोन करतो, आणि मग संध्याकाळी आमच्या घरी चहाचा कप आदळूनच येतो.

पासचा प्रवासही बघण्यासारखा असतो. पास निघतो पदाधिकाऱ्याकडून, जातो आमदाराकडे, तिथून नगरसेवकाकडे, नगरसेवकाच्या भावजीकडे, आणि सामन्याच्या सकाळी पोचतो आमच्या गॅसवाल्याकडे, ज्याला क्रिकेटचं काडीचं प्रेम नाही. गेल्या खेपेला त्याने तो मला दाखवला. गळ्यात अडकवायचं जाड कार्ड, चकचकीत फीत, मागे बारीक अक्षरात ‘विक्रीसाठी नाही’. ‘केवढ्याला देऊ?’ त्याने विचारलं. एवढ्या हातांतून गेलेल्या त्या कार्डाच्या कोपऱ्यावर तेलाचा डागही होता. हा पासवाला वर्ग मैदानात जाऊन करतो काय? पहिल्या डावात खातो, दुसऱ्या डावात सेल्फी काढतो आणि सोळाव्या षटकाला ‘चला, ट्रॅफिकच्या आधी निघू’ म्हणून उठतो. त्याच्या मागे तिकीट काढून बसलेल्या माणसाला नेमका चौकार दिसत नाही.

ही आजची रड नाही. अख्खं वानखेडे स्टेडियम या खुर्च्यांच्या मारामारीतून उभं राहिलंय. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने मुंबई क्रिकेट असोसिएशनचे. आपल्या वाट्याला तिकिटं किती, यावरून दोघांचं बिनसलं. असोसिएशनचे शेषराव वानखेडे इरेला पेटले आणि हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं करून दाखवलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकल्या. मानापमानातून निघालेलं असलं तरी मुंबईकरांचं त्यात भलं झालं, हे कबूल करायला हवं. सामना सुटला की चर्चगेटला गाडी पकडायची, विरारला जेवायला घरी. पुणेकर मात्र त्याच वेळी कुणाच्या तरी खाचरात मोबाइलच्या उजेडात आपली गाडी शोधत असतो.

स्टेडियमच्या फायद्याचं बोलतोय, तर बालेवाडीचं राहिलंच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल बांधलं आणि आज तिथे पोरं पोहायला, पळायला जातात. एवढा उपयोग झाला तरी खूप झालं. २०२१ मध्ये पुढाऱ्यांच्या गाड्या थेट तिथल्या धावपट्टीवर नेऊन उभ्या केल्या होत्या ते सोडा. गहुंजेपेक्षा तिथलं पार्किंग जवळ पडत असावं.

तर काकांना माझं सांगणं एवढंच: निवेदनात संघाच्या जागी ‘सामन्यानंतर स्वारगेट-शिवाजीनगरपर्यंत पुरेशा बस आणि स्टँडवर पिण्याचं पाणी’ असं लिहा, मी दोन्ही हातांनी सही करतो. आणि वाचकहो, पुढचा सामना जाहीर झाल्यावर कृपा करून मला फोन करू नका. माझ्याकडे पास नसतो. गॅसवाल्याला विचारा.