आधी उंची बघा

आईवडिलांना घेऊन जून-जुलैत ॲरिझोना-युटाच्या वाळवंटात गाडीने निघणार असाल, तर नकाशावर अंतराआधी उंची बघा. ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड सुमारे ७,००० फूट उंच, त्यामुळे तिथली दुपार सोसवते. तळाशी, नदीकाठी मात्र पारा सहज चाळिशी ओलांडतो. दरी कडेवरूनच डोळे भरून पाहावी. कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली या दिवसांत वगळाच. १९१३च्या जुलैत तिथे ५६.७ अंशांची नोंद झाली आहे. आणि पावसाला विसरू नका. ॲरिझोनातल्या पेज गावाजवळची अँटिलोप कॅन्यनची घळ काही ठिकाणी इतकी अरुंद, की दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकतात. १९९७च्या ऑगस्टमध्ये दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे शिरला आणि ११ जणांचा जीव गेला. आता तिथल्या नाव्हाहो आदिवासी वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. तो मागे फिरा म्हणाला, की पैशांचा विचार न करता फिरायचं. पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीला जाताना घड्याळ तासभर पुढे करा, कारण उन्हाळ्यात ॲरिझोना वेळ बदलत नाही, नाव्हाहो भूमी बदलते. पाण्याचा कॅन डिकीत नको, मागच्या सीटजवळ, आईच्या हाताशी ठेवा.