बर्फावरचं कुटुंब

परवा बंगळूरहून भाचीचा फोन आला. "मामा, फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगला चाललोय. अत्तेपण येताहेत." जावई परदेशात शिकलेले, स्कीइंगमध्ये तरबेज. भाची नवखी, मुलगा आठ वर्षांचा आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. अशा घराला गुलमर्ग मानवेल का?

मानवेल, कारण तिथे ज्याला त्याला आपली जागा मिळते. गावालगत, सुमारे २६५० मीटर उंचीवर, शिकाऊंसाठी सौम्य उतार आहेत. शिकवणारे आणि भाड्याचं साहित्यही तिथेच मिळतं. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. अत्तेंनी तिथवर बसून जावं, बर्फ बघावा आणि परतावं. दुसरा टप्पा अफरवटवर, जवळजवळ ४००० मीटरपर्यंत नेतो. तिथले उतार मात्र तरबेजांचेच. बर्फ यंत्राने दाबून सारखा केलेला नसतो आणि हिमस्खलनाची भीती असते. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले.

म्हणून भाचीला म्हटलं, "जागा चांगली निवडलीस, पण सगळे मिळून वर जाऊ, हा हट्ट नको. तू आणि मुलगा पहिले दोन-तीन दिवस खालीच शिका. जावयांनाही वर एकटं सोडू नकोस. माहीतगार वाटाड्या हवा आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय निघायचं नाही."

"मग एकत्र कधी असणार आम्ही?"

"संध्याकाळी, कहवा प्यायला. सगळे धडधाकट परत आलात की तीच खरी सहल."