मालमोटार घेण्यापूर्वीं

द्राक्षें, टोमॅटो व कांदा यांचें उत्पन्न वाढल्यापासून आपल्या दाराशीं स्वतःची मालमोटार असावी, असें पुष्कळ बागाइतदारांस वाटूं लागलें आहे. इच्छा वावगी नाहीं; ती पुरविण्याची रीत मात्र फार वेळां चुकते. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त कर्जाचे बोजे चढविले, त्यांपैकीं विहिरीचे व पाइपलाइनचे बहुधा यथाकाल उतरले, मोटारीसाठीं काढलेले कांहीं मात्र मोटार भंगारांत गेल्यावरहि कायम राहिलेले पाहिले.

पहिला घोटाळा वजनाचा. कागदावरील ‘एकूण वजन’ म्हणजे माल नव्हे. गाडीचें, हौद्याचें, डिझेलचें व माणसांचें वजन त्यांतून वजा जातें. साडेसात टनांच्या गाडींत ढोबळ मानानें चार टन माल बसतो, बाराटनींत सुमारें सात. कित्येक जण नुसती चेसिस घेऊन हौदा मुद्दाम भक्कम बांधवितात. हौदा जड तितका माल कमी, हें त्यांस मागाहून वजनकांट्यावर कळतें. ही तूट जादा माल भरून काढूं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें २०,००० रुपये व शिवाय दर जादा टनास २,००० रुपये दंड ठेविला आहे, आणि जादा माल तेथेंच उतरवावा लागतो. भर उन्हांत रस्त्याच्या कडेला टोमॅटो उतरविणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आमच्या पुतण्यानें विक्रेत्याच्या आग्रहावरून बाराटनी घेतली. घरचा माल हंगामांत दिवसास दीडशें क्रेट, म्हणजे अवघा तीन टन. गाडी वाशीस अर्धी रिकामी जाई, येतांना तर सबंध रिकामी. दोन वर्षांत तोट्यांत विकली. हप्ते अद्यापि चालूच आहेत.

साडेसात टनांपर्यंतच्या गाडीस आणखी एक सोय आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ती चालवितां येते, हें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं कायम केलें. घरच्या मुलास चालवितां आली, तर चालकाचा पगार वांचतो. उलट बारा टनांच्या पलीकडे गेल्यास टोल अंगावर येतो: २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत हलक्या मालवाहनास किलोमीटरला १ रुपया ५ पैसे, तर ट्रकला २ रुपये २० पैसे मूळ दर आहे.

टाटा कीं आयशर, हा वाद चावडीवर रंगतो. टाटांची ४०७ सन १९८६ मध्यें निघाली. आयशरची कँटरहि त्याच सुमारास मित्सुबिशीच्या सहकार्यानें आली. दोन्हींचा लौकिक चांगला. तेव्हां नांवापेक्षां आपल्या तालुक्याच्या गांवीं सुटे भाग व मिस्त्री कोणाचा मिळतो, हें आधीं पाहावें. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत संगणकी यंत्रणा आहे. बऱ्याच गाड्यांस डिझेलखेरीज युरियाचें द्रावणहि लागतें. ओळखीच्या मिस्त्र्याच्या हातोडीनें त्या दुरुस्त होत नाहींत.

पांच-सहा बागाइतदारांनीं मिळून बाराटनी घेतल्यास माझी हरकत नाहीं. मात्र फेरीचा क्रम, डिझेलचा हिशेब व टायरची वर्गणी गाडी येण्यापूर्वींच स्टँपपेपरावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या.