मुलांची आकडी आणि अर्धवट कायदा

लहान मूल एकाएकी थरथरले, त्याने डोळे फिरवले की आमच्या वस्त्यांत आजही दोनच निदाने होतात. एक, 'बाहेरचे काहीतरी आहे'. दुसरे, 'मोठे झाले की जाईल'. 1956 साली गंडेदोरे फेकून बाहेर पडलेल्या समाजात पहिले निदान मागच्या दाराने परत शिरते आहे. दुसऱ्याविषयी तर कोणी बोलतही नाही.

लहानपणीच्या पुष्कळ हालचाली निरुपद्रवी असतात. तान्हे बाळ झोपेतच हातपाय उडवते आणि जागे केले की थांबते, ती आकडी नव्हे. हट्टाने रडता रडता श्वास कोंडून निळे पडलेले मूल पाहून आईच्या पोटात गोळा येतो, पण तेही फेफरे नाही. काही मुलांत त्यामागे रक्तातील लोहाची कमतरता असते, ती मात्र तपासून घ्यावी. डोळे मिचकावण्याची, मान उडवण्याची सवय मूल क्षणभर तरी दाबू शकते. आकडीचे झटके हात धरूनही थांबत नाहीत.

परंतु चार-आठ महिन्यांचे बाळ झोपून उठल्यावर एकामागून एक मान टाकून हात फेकत असेल, हसायचे विसरत असेल, तर 'दचकते' म्हणून घालवलेला प्रत्येक आठवडा त्याच्या मेंदूला महागात पडतो. वर्गात दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहणारी, हात लावूनही भानावर न येणारी मुलगी 'लक्ष न देणारी' नसते. तिचा आजार घरचे लग्नाच्या भीतीने लपवतात. वास्तविक बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून फेफऱ्याची अट 1999 मध्येच काढून टाकली गेली. आणि घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी ज्याचे हात वेडेवाकडे हलतात, अक्षर बिघडते, त्याला शाळा धांदरट ठरवते. तो संधिवाताच्या तापाचा परिणाम असू शकतो. त्यात हृदयाच्या झडपा जातात. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचाच हा रोग!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याच्या यादीत आकडीही आहे आणि संधिवाताचा हृदयरोगही. पण पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येणार, आणि आकडी काही सेकंदांची! त्या दिवशी मूल ठणठणीत. म्हणजे खरे साक्षीदार आई, सेविका आणि शिक्षक. त्यांना हे शिकवायला शासनाला कितीसा खर्च आहे? मोबाईलवर काढलेली चित्रफीत डॉक्टरला तोंडी वर्णनापेक्षा जास्त सांगते. पुरावा फक्त कोर्टातच लागतो असे नाही. आकडी चालू असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करावा.

आता कायद्याचे पाहू. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी हे त्यात गुन्हे आहेत. उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे, पण कधी? कुत्रा, साप, विंचू चावल्यास! आकडीच्या मुलाला महिनोन्महिने अंगारा लावून दवाखान्यापासून तोडणारा भगत या कलमात बसतच नाही. अनुसूचीतील हे कलम सर्व आजारांना लागू करणारी दुरुस्ती आमच्या राखीव जागांवरच्या आमदारांनी विधानसभेत मागावी. मते मागायला ते वस्तीत येतील, तेव्हा हा प्रश्न आम्ही त्यांना विचारणार आहोत.