परीक्षा फार्मासिस्टची, मग दुकानाची कधी?

फार्मासिस्टच्या व्यावसायिक पात्रतेचे मूल्यमापन व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ते कोठे व कशाचे करावयाचे, हा. भारतीय फार्मसी परिषदेने २०२२ साली पदविकाधारकांना नोंदणीपूर्वी एक परीक्षा सक्तीची केली. तीन प्रश्नपत्रिका, बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकीत निदान ५० टक्के गुण. पदविका महाविद्यालयांचे जे अमाप पीक आले आहे ते पाहता ही चाळणी अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु तिच्यामुळे दुकानातील व्यवहार सुधारेल असे जे सांगितले जाते, ती निव्वळ आत्मवंचना होय.

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमान्वये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे आहे. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि त्याचा धनी भलत्याच गावी. जमिनीप्रमाणे पदविकाही खंडाने देता येते, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला शिकवावे लागले नव्हते! गैरहजर माणसाला पंचावन्न गुण मिळाले काय आणि पंचाण्णव मिळाले काय, रोग्याला त्याचे काय होय? २०१२ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरताच केमिस्टांच्या संघटना आंदोलनाच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या, हे आपण विसरलेलो नाही.

बरे, माणूस हजर आहे असे धरून चालू. मुंबई, दिल्ली व पाटणा येथील औषधदुकानांत रुग्णाची बतावणी करणारी प्रशिक्षित माणसे पाठवून केलेले एक संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन-तीन आठवड्यांचा खोकला व ताप सांगणाऱ्या ‘रुग्णा’ला प्रतिजैविक वा स्टेरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठविणे, हे योग्य वर्तन अवघ्या १३ टक्के भेटींत आढळले. क्षय सिद्ध झाल्याचा अहवाल हाती असलेल्या ‘रुग्णा’च्या बाबतीत मात्र ते ६२ टक्के होते. म्हणजे हात आवरता येतो. पण आवरण्याजोगे कारण समोर आदळल्याखेरीज तो आवरला जात नाही. याला केवळ अज्ञान म्हणता येईल काय?

येथे नफ्याचे गणित पाहिले पाहिजे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्यास १६ टक्के नफा ठरवून दिला आहे. हा नफा विक्रीवर मिळतो. ‘हे घेऊ नका, आधी थुंकी तपासून घ्या’ या सल्ल्यावर छदामही मिळत नाही. किंबहुना जो फार्मासिस्ट आपले ज्ञान प्रामाणिकपणे वापरील तो मालकाचा गल्ला रिकामा ठेवील. आणि हा फार्मासिस्ट बहुधा तुटपुंज्या पगारावरचा नोकर असतो; त्याच्या ‘पात्रते’वर प्रवचने झोडणाऱ्यांनी त्याच्या वेतनाविषयी कधी अवाक्षर काढल्याचे स्मरत नाही.

तेव्हा मूल्यमापन व्हावयाचे ते दुकानाचे, पूर्वसूचना न देता, रुग्ण बनून गेलेल्या तपासनिसाकडून. आणि त्याचा निकाल परवान्याशेजारी टांगला जावा. सल्ल्याचे मोल विक्रीपासून तोडून सार्वजनिक निधीतून द्यावे. शासन हे आपण होऊन करणार नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी तूर्त आपापल्या प्रभागातील प्रत्येक औषधदुकानात जाऊन फार्मासिस्ट कोण व ते या क्षणी कोठे आहेत, एवढेच विचारावे, उत्तरांची यादी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्यावी, आणि पोच घेतल्याखेरीज तेथून हलू नये.